चार तावदानांचा कवडसा

मुलीच्या डोळ्यांत ऊन जाईल या काळजीने माझी झोप उडाली होती. हसू नका. तेही कसलं ऊन, तर अजून न बांधलेल्या इमारतीच्या अजून न बसवलेल्या काचांवरून अजून न पडलेलं. आई झाल्यावर बाईच्या डोक्याचं काय होतं त्याचा हा नमुना. आणि माझं डोकं आधीही फार जागेवर होतं अशातला भाग नाही. दिवा आहे तिथेच राहू दे. फक्त तुम्ही दारात बसू नका, इकडे भिंतीला टेकून बसा. हां. आता सांगते.

माझा धंदा ऊन मोजण्याचा. इमारत उभी राहायच्या आधी ती कॉम्प्युटरवर उभी करायची, तिच्यावरून वर्षभराचा सूर्य फिरवायचा, आणि तिच्या काचा आणि सोलर पॅनल कुणाच्या घरात, कुणाच्या डोळ्यांत चकाकी फेकतील ते सांगायचं. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात बिल्डरला जे ऐकायचं असतं ते आकड्यांत सांगायचं, एवढंच काम. आमच्या साहेबांना मी मनात चकचकीत साहेब म्हणते. डोकं चकचकीत, बूट चकचकीत, आणि हसणंही पॉलिश मारून आणलेलं. सूर्य हा आपल्याच ऑफिसातला शिपाई आहे आणि जरा दरडावलं की बाजूने जाईल, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मुलीचं घरातलं नाव भिंगरी, कारण ती एका जागी ठरत नाही. तिची खोली पूर्वेला. खिडकीतून खाली पाहिलं की रस्ता, आणि रस्त्यापलीकडे एक प्रचंड खड्डा. खड्ड्याभोवती पत्रे, पत्र्यांवर होणाऱ्या टॉवरचं चित्र, आणि चित्रात अशी माणसं की ज्यांना दातांशिवाय दुसरा अवयवच नाही. टॉवरची आमच्याकडची बाजू वरपासून खालपर्यंत काच आणि सोलर पॅनल. दुपार कलली की सूर्य आमच्या इमारतीच्या मागे जातो. तो त्या काचेवर आपटणार आणि सरळ भिंगरीच्या खोलीत परत येणार. सूर्य पाठीमागे आणि मार समोरून, असला प्रकार.

आणि त्या टॉवरचं काम आमच्याच ऑफिसला मिळालेलं.

"सर, मी समोरच राहते," मी साहेबांना सांगितलं. "हे काम मी करणं बरोबर दिसणार नाही."

"वा!" साहेब म्हणाले. "मग साइट व्हिजिटचा प्रश्नच मिटला की."

तर एका दुपारी घरूनच काम करत होते. भिंगरी झोपली होती. मी ऑफिसच्या कामात घरचं काम घुसवलं. मॉडेलमध्ये आमची इमारत होतीच, तिच्यात मुलीची खोली कोरली, पलंगाशेजारच्या भिंतीवर मोजायची जागा ठरवली. आधी आजची स्थिती पाहू, मग टॉवरची, असा साधा विचार. आज समोर खड्डा आहे, म्हणजे उत्तर शून्य यायला हवं.

ते शून्य आलं नाही. पडद्यावरच्या भिंतीवर उन्हाचा एक चौकोन उमटला. चार खणांचा, आणि खालचा डावा खण काळा.

मी सगळं पुन्हा तपासलं. मग चूक सापडली आणि मी स्वतःलाच दोन शिव्या दिल्या. आमच्या मॉडेलमध्ये प्रत्येक जागेचे दोन लेयर असतात, एक आधी होतं त्याचा, एक होणार त्याचा. मी टॉवर बंद केला होता, पण खड्ड्याच्या जागी पूर्वी होती ती पाडलेली जुनी इमारत चालूच राहिली होती. जमीनदोस्त झालेली वास्तू उन्हात उभी ठेवून वर तिचा हिशोब करायचा, ही चूक आमच्याच जातीचे लोक करू जाणोत.

आणि चार खण का, तर तेही माझंच कर्तृत्व. जुन्या इमारती आम्ही नुसते खोके म्हणून काढतो. पाडायच्याच आहेत, कोण नटवत बसतंय? पण या इमारतीची एक खिडकी मी नीट काढली होती. भिंगरी तान्ही असताना मी तिला मांडीवर घेऊन दिवसच्या दिवस त्या खोलीत बसलेली असायचे. केस विंचरलेले नाहीत, अंगाला दुधाचा आंबट वास. जग म्हणून मला जे काय दिसायचं ते समोरची ती खिडकी. बिजागऱ्यांवर उघडणारी जुनी लाकडी झडप, तिला चार तावदानं, खालचं डावं फुटलेलं आणि तिथे पुठ्ठा लावलेला. खिडकीत एक म्हातारी बाई. आम्ही कधी बोललो नाही. मध्ये रस्ता होता. पण दुपार कलली की ती झडप हाताने हळूहळू हलवायची, आणि तावदानांवरचा कवडसा आमच्या छतावर, पाळण्याच्या बरोबर वर, नाचायला लागायचा. भिंगरी बोळक्या तोंडाने खदखदून हसायची. त्या दिवसांत मला कुणी काही मदत केली असेल तर त्या बाईने. नातेवाइकांनी फक्त सल्ले दिले.

मग ती इमारत रिकामी होत गेली. इतर खिडक्यांच्या चौकटीसुद्धा उपटून नेल्या, हिची तेवढी शाबूत होती. आणि एक दिवस यंत्रं आली. भिंगरी तेव्हा रांगतही नव्हती.

तर जुना लेयर बंद करणार, इतक्यात भिंगरीच्या खोलीतून हसणं ऐकू आलं. झोपेतून उठल्यावर मुलं हसतात तसं नाही. कुणीतरी खेळवतंय तसं.

मी दारात जाऊन उभी राहिले. पलंगाशेजारच्या भिंतीवर कवडसा होता. चार खण, खालचा डावा काळा.

भिंगरी पलंगावर उभी राहून त्याला हात लावत होती. तो थोडा सरकला. ती सरकली. तो थांबला.

मी खिडकीशी धावले. समोर खड्डा. खड्ड्याच्या तळाला हिरवट पाणी. पाण्यावरून उडालेलं ऊन आमच्याकडे येऊच शकत नाही, ते पलीकडे जातं. एवढं तर मला कळतं, त्याचाच पगार मिळतो. पलीकडे बरंच अंतर मोकळं आकाश.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर तोंड उघडून बसलेल्या माणसांशी बोलायची सवय, त्यामुळे समोरच्याकडून उत्तर येऊ शकतं ही कल्पनाच त्याला नवी असते.

"अगं, क्रेन आहे ना तिथे. तिच्या केबिनची काच असेल."

"क्रेनच्या काचेला चार खण कसे असतील? आणि पुठ्ठा?"

"कवडसा आहे तो, वाघ नाही," तो म्हणाला. "झोप जरा. डोळ्यांखाली बघ काय झालंय."

डोळ्यांखाली बघायला मला आरसा लागतो, आणि आरसा म्हटलं की मला पुन्हा परावर्तनच आठवतं. असो. सुट्टीच्या दिवशी क्रेन कुलूप लावून पाठ करून उभी होती. कवडसा वेळेवर आला. नवरा तेव्हा सोफ्यावर घोरत होता, शास्त्रीय दृष्टिकोन उशाला घेऊन.

मी भित्री असेन, पण बिनडोक नाही. भूत वगैरे मानणाऱ्यांना मी आयुष्यभर नाकं मुरडत आले. आमच्या नणंदबाई फोनवरून म्हणाल्या, "वहिनी, खोली बदला, त्या जागेत काहीतरी आहे." मी म्हटलं, "हो, दमट भिंत आहे." पण मनातून ठरवलं, बदलून तर बघू. पलंग समोरच्या कोपऱ्यात नेला.

दुसऱ्या दिवशी कवडसा जुन्या जागी पडला. रिकाम्या भिंतीवर थोडा वेळ थबकला. मग हळूहळू सरकायला लागला. कपाटावरून, दारावरून, खेळण्यांच्या खोक्यावरून. सूर्य असा सरकत नाही. सूर्याचा कवडसा एका दिशेने, एका चालीने जातो. हा मागेपुढे जात होता, अंधारात चष्मा शोधणाऱ्याच्या हातासारखा. त्या दिवशी त्याला भिंगरी सापडली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी सापडली. तिच्या पोटावर येऊन तो थांबला आणि थरथरला, जणू हसला.

"आजी," भिंगरी म्हणाली.

"कोण आजी?"

"खिडकीतली." हे तिने 'पाणी हवं' म्हणावं इतक्या सहज सांगितलं. आणि तिला ती आठवणं शक्य नव्हतं.

एक गोष्ट मी तोवर कुणालाच बोलले नव्हते. ती आमच्या धंद्यातली आहे म्हणून फोड करून सांगते. सूर्य म्हणजे टिंब नव्हे, थाळी आहे. त्यामुळे काच जितकी लांब, तितक्या तिच्या कवडशाच्या कडा विरघळतात. हातातला आरसा भिंतीवर धरा, कडा सुरीने कापल्यासारख्या. रस्त्यापलीकडच्या खिडकीचा कवडसा मात्र धूसर, पाण्यात भिजल्यासारखा. पहिल्या दिवशी भिंतीवरचा कवडसा असाच धूसर होता. खण ओळखू यायचे, एवढंच. पलंग हलवल्यावर तो स्पष्ट झाला. मग पुठ्ठ्याची फाटकी कड दिसायला लागली. मी रोज दारात उभी राहून त्या कडा बघायचे आणि मनातल्या मनात अंतर काढायचे. ते रस्त्याच्या मध्यापर्यंत आलं होतं. चौथ्या मजल्याच्या उंचीवर, अधांतरी.

त्या आठवड्यात बिल्डरच्या माणसाबरोबर आमची बैठक झाली. मी न राहवून विचारलं, "समोरच्या जुन्या इमारतीत एक म्हातारी बाई होती... शेवटपर्यंत राहिली होती. तिला कुठे हलवलं?"

बिल्डरचा माणूस छान हसला. पत्र्यावरच्या चित्रातून नुकताच उतरला असावा. "सगळ्यांचं व्यवस्थित झालंय, मॅडम."

"पण कुठे?"

साहेबांनी पेन आपटलं. "मॅडम, जे मॉडेलमध्ये नाही, ते नाही. विषय संपला. चकाकीचा आकडा खाली येतोय का, ते बोला."

मी आकड्याचं बोलले. बोलणारच. माझा कणा हासुद्धा बहुधा कुठल्यातरी बंद लेयरवर आहे.

दुसऱ्या दुपारी मी चहा ठेवला होता. भिंगरीच्या खोलीत शांतता होती, आणि लहान मूल असलेल्या घरात शांततेइतकं वाईट काही नाही. मी गेले. कवडसा खिडकीच्या कट्ट्यावर होता. खेळण्यांचं खोकं ओढून भिंगरी त्यावर चढली होती, सरकती काच तिने बाजूला केली होती, आणि कमरेपर्यंत बाहेर झुकून दोन्ही हात पुढे केले होते. घेणाऱ्यापुढे करतात तसे.

मी तिला कशी ओढली ते आठवत नाही. तिच्या दंडावर माझी बोटं उमटली होती. ती रडली, पण पडता पडता वाचली म्हणून नव्हे.

"ती जवळ आली होती," ती हुंदके देत म्हणाली. "थोडंच... थोडंच राहिलं होतं, आई."

खिडकीला मी दोरी बांधली, वर पडदा ठोकला, आणि तिला कडेवर घेऊनच कॉम्प्युटरसमोर बसले. साहेबांचं ते वाक्य डोक्यात घोळत होतं. जे मॉडेलमध्ये नाही, ते नाही. सगळी इमारत धूळ झाली, पण ती एक खिडकी जगात अजून एका ठिकाणी शिल्लक होती, माझ्या फाइलमध्ये. मीच लाडाने जपलेली.

जुना लेयर उघडला. खिडकी जवळ आणून पाहिली. झडप मी बंद काढली होती, मला पक्कं आठवतंय. उघडी काढायची तर मापं घ्यावी लागतात आणि तेवढी हौस मलाही नव्हती. ती उघडी होती. बाहेरच्या बाजूला, बरोबर तेवढी, जेवढी आज दुपारी भिंगरीच्या कट्ट्यावर ऊन पडायला हवी.

माउसचा धक्का लागला असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि अख्खा लेयर निवडला. इमारत, खिडकी, तावदानं, पुठ्ठा. पुसून टाक म्हटलं. नक्की पुसायचं का, मशीनने विचारलं. आमच्या घरात माझं मत विचारणारं ते एकटंच आहे. मी हो म्हटलं. ऑफिसातली प्रतसुद्धा पुसली.

आणि दुसऱ्या दिवशी कवडसा आला नाही!

पडद्याची एक कड उचलून मी भिंतीकडे बघत बसले. दुपार कलली, गेली. भिंत नुसती भिंत. मला इतकं हसू आलं म्हणता. भूत म्हणे! एक लेयर, एक बटण. नणंदबाईंना फोन करून सांगावंसं वाटलं, की बघा, तुमच्या अतृप्त आत्म्यांना आम्ही असं पुसतो. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "क्रेन हलवली असेल." मी त्याला माफ केलं. त्या दिवशी मी सगळ्यांना माफ करायच्या मनःस्थितीत होते.

तरीही भिंगरीला मी आतल्या खोलीत झोपवायला लागले. खात्री आणि आई या दोन गोष्टी एका अंगात राहत नाहीत. आतली खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची. तिला खिडकीच नाही. एकच दार, ते बोळात उघडतं, आणि बोळातही दिवा लावल्याशिवाय दिसत नाही. ऊन तिथे यायचं तर त्याला दोन वळणं घ्यावी लागतील. उन्हाला वळायला आरसा लागतो, आणि आमच्या घरातला एकुलता आरसा न्हाणीघरात, तोही दाढीच्या फेसाने आंधळा. मी सगळं मोजून पाहिलं होतं. जगातली सगळ्यात सुरक्षित जागा.

दुपारची वेळ. भिंगरी झोपली होती, मी तिच्याजवळ जमिनीवर बसून तिच्या मोज्यांच्या जोड्या लावत होते. घर शांत. नवरा दवाखान्यात. बाहेरचं दार आतून लावलेलं.

आधी वास आला. ओल्या पुठ्ठ्याचा.

मग आवाज. अगदी हलका... कुरकुर. बिजागरीचा. आमच्या घरातल्या सगळ्या खिडक्या सरकत्या आहेत. दारांच्या बिजागऱ्यांना मीच तेल घालते, भिंगरी उठू नये म्हणून.

भिंतीवर, भिंगरीच्या उशीच्या वर, ऊन आलं. चार खण. खालचा डावा काळा. पुठ्ठ्याचे धागेसुद्धा मोजता आले असते. कडा अशा, की बोट लावलं तर कापेल. अंतर काढायला मला कॉम्प्युटरची गरज पडली नाही. पाऊलभर. फार तर दोन.

बाहेरची वळणं मी मोजली होती. उजेड घरातूनच निघाला तर, हे नाही. आणि एक साधा प्रश्न मला पडलाच नव्हता, जो बिल्डरच्या माणसाला पडत नाही, चकचकीत साहेबांना पडत नाही, आणि ज्यांना पडत नाही त्यांच्याकडे मी इतके दिवस तुच्छतेने बघत आले. राहती जागा पुसून टाकली, की आतलं माणूस जातं कुठे?

मी उठले. दाराकडे पाठ करून, वळून न बघता, भिंगरीच्या आणि त्या उजेडाच्या मध्ये उभी राहिले. माझी सावली तिच्या अंगावर पडली. पाठीला ऊब लागत होती. खऱ्या उन्हाची असते तशीच.

कुरकुर झाली. उजेड माझ्या डाव्या खांद्याजवळून वळसा घालून पुढे यायला लागला. मी डावीकडे झाले. तो थांबला... आणि उजवीकडून यायला लागला. मी उजवीकडे झाले.

"कोण..." मी न वळताच म्हटलं. "कोण आहे तिकडे?"

भिंगरीने डोळे उघडले. ती दचकली नाही, रडली नाही. माझ्याकडे, मग माझ्या कमरेच्या बाजूने मागे पाहिलं, आणि मंद मुलाला समजवावं तशा कंटाळलेल्या आवाजात म्हणाली,

"आई, सरक ना जरा. आजीला मी दिसत नाहीये."